हार्ड डिस्कमधला डेटा गेला? आधी हात बाजूला घ्या

रातकिडा

"जरा बघ ना, सगळे फोटो गेलेत" हे वाक्य नात्यातून, मित्रांतून, ऑफिसातून फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येतं. डिस्क माझ्या हातात पडेपर्यंत तिच्यावर चार जणांचे प्रयोग होऊन गेलेले असतात. कुणी चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन चालवलेलं असतं, कुणी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून तिथेच इन्स्टॉल केलेलं असतं, आणि एखादा महाभाग तर विंडोज नव्याने टाकून मोकळा झालेला असतो. डेटा जातो त्यापेक्षा गेल्यानंतरच्या तासाभरात लोक जे करतात त्यानेच जास्त नुकसान होतं, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा धागा.

फाइल डिलीट केली म्हणजे नेमकं काय होतं? डिस्क एनटीएफएसची (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) असेल तर मास्टर फाइल टेबल या यादीतल्या त्या फाइलच्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण पडते आणि तिने अडवलेली जागा मोकळी म्हणून जाहीर होते. जुन्या फॅट पद्धतीत नावाचं पहिलं अक्षर बदलतं, म्हणून तिथून परत मिळवलेल्या फाइलींच्या नावांची सुरुवात बऱ्याचदा खाल्लेली असते. मजकूर मात्र होता तिथेच असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की तो खरा जातो. आणि संगणक नुसता चालू असला, तुम्ही कशालाही हात लावला नाहीत, तरी तो लिहीतच असतो. अपडेट, ब्राउझरची कॅश, पेजफाइल, लॉग, काही ना काही चालूच. त्यामुळे फाइल सी ड्राइव्हवरची असेल तर संगणक बंद करा. मग डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा. रिकव्हरी सॉफ्टवेअर आणि परत मिळालेल्या फाइली, दोन्हींची जागा दुसऱ्या डिस्कवर.

क्विक फॉरमॅट झाला असेल तर धीर सोडू नका, त्यात फक्त नवी रिकामी टेबलं लिहिली जातात. फुल फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो. त्यातून काही परत येत नाही, समोरचा कितीही छातीठोक सांगत असला तरी.

हे सगळं फिरत्या डिस्कचं. एसएसडीचा, म्हणजे आत काहीही न फिरणाऱ्या चिपवाल्या डिस्कचा, मामला वेगळा. तिथे ट्रिम नावाची सोय असते, विंडोजमध्ये ती विंडोज ७ पासून आहे. फाइल डिलीट झाली की ऑपरेटिंग सिस्टम एसएसडीला कळवते की या जागा आता नकोत, आणि एसएसडी सवडीने त्या आतल्या आत साफ करते. साफ व्हायच्या आधीसुद्धा वाचायला गेलं तर बहुतेक एसएसडी शून्यंच परत देतात. त्यामुळे होतं असं की रिकव्हरी सॉफ्टवेअर फाइलींची यादी अगदी झोकात दाखवतं. नावं बरोबर, तारखा बरोबर, आकार बरोबर. तुम्ही खूश. फाइल उघडावी तर आत पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं. पैसे भरायला लावणारी सॉफ्टवेअरं ही यादी दाखवूनच पैसे मागतात, तेव्हा आधी फुकटच्या आवृत्तीत एखादी फाइल पूर्ण उघडून बघायची.

आणि डिस्क टकटक किंवा खरखर करत असेल, फिरायला लागून पुन्हा थांबत असेल, तर यातलं काहीही करू नका. वीज काढा. आतलं वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, धुळीचा साधा कण त्याहून शेकडो पटींनी मोठा. हेड बिघडलेलं असताना डिस्क जितकी फिरेल तितकी तबकडी खरवडली जाते, आणि खरवडलेल्या थरातला डेटा कुणालाच परत आणता येत नाही. ते काम क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्यांचं.

विचारा काय विचारायचं ते.

टाचणी

बरं झालं हा धागा काढलात. माझी एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क लावली की विंडोज म्हणतं, वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती रॉ, म्हणजे फाइल सिस्टम न ओळखलेली, दिसते. आवाज काही नाही, नेहमीसारखीच फिरते. आतेभाऊ म्हणतोय चेकडिस्क एफ मारून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. मी अजून काही केलेलं नाही. मारू का?

रातकिडा

नका मारू. आतेभावाला म्हणावं चहा पी आधी.

चेकडिस्कचं काम फाइल सिस्टम सुसंगत करणं. तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नव्हेच. एखादी नोंद त्याला जुळवता आली नाही तर तो ती कापून टाकतो, आणि फाइलींचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरात सीएचके असे शेपूट लावून ठेवतो. शिवाय हे सगळं तो मूळ डिस्कवरच लिहितो, मागे फिरायची सोय नाही. डिस्क आतून खराब होत असेल तर त्या धावपळीत ती पुरती बसते.

आधी तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे, ते दुसऱ्या कशावर तरी उतरवा आणि ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींसमोर काय आकडे आहेत ते इथे टाका. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले, सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही न वाचता आलेले. सी७ वाढलेला असेल तर बहुधा केबलची भानगड, ती बदलून बघा.

टाचणी

०५ समोर शून्यं. सी६ समोर पण शून्यं. सी५ समोर १ए८ असं काहीतरी आलंय, त्यात मधे अक्षर कसं?

रातकिडा

तो आकडा हेक्समध्ये असतो, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायची पद्धत, तिथे दहाला ए म्हणतात. १ए८ म्हणजे ४२४. चारशे चोवीस सेक्टर असे आहेत जे डिस्कला नीट वाचता येत नाहीयेत, आणि त्यातले काही नेमके फाइल टेबलच्या जागी असावेत, म्हणून विंडोजला ती रॉ दिसते. फॉरमॅटच्या त्या खिडकीला कायम नकार द्यायचा.

आता या डिस्कवर थेट कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू नका. आधी तिची सेक्टरला सेक्टर नक्कल काढायची, मग काय प्रयोग करायचे ते नकलेवर. त्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू. लिनक्सवर चालतं. साधं कॉपी करताना एक खराब सेक्टर आला की सगळं तिथेच अडकतं, डिस्क पुन्हा पुन्हा तीच जागा खरडत बसते. डीडीरेस्क्यू हुशारीने अवघड जागा सोडून पुढे जातं, सोपं ते सगळं आधी पदरात पाडून घेतं आणि मग मागे येऊन उरलेल्या कडांना हात घालतं. कुठलं झालं, कुठलं राहिलं याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मधेच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नाही. म्हणून मॅपफाइलचं नाव द्यायला विसरायचं नाही.

पहिल्या फेरीला एन हा पर्याय द्या, म्हणजे खरवडायचं काम ते पुढे ढकलतं. ती फेरी संपली की एन काढून, डी (डिस्क थेट वाचायला) आणि आर३ (तीनदा पुन्हा प्रयत्न करायला) देऊन दुसरी फेरी. सेकंदाला शंभर एमबीचा वेग मिळाला तर एक टीबीला तीनेक तास लागतात. खराब जागांवर तो वेग केबींवर येतो, तेव्हा रात्रभर चालू राहिलं तर घाबरू नका. डिस्कवर पंख्याचा वारा असू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं: नक्कल कुठून आणि कुठे, हा क्रम. उलटा पडला तर नव्या डिस्कचं रिकामेपण जुनीवर लिहिलं जाईल. लिनक्समधलं डिस्कचं नाव दर वेळी तेच असेल याचा भरवसा नाही, म्हणून सिरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी पडताळायचा आणि मगच एंटर.

अनवट

छान माहिती. +१.
टाचणी, डिस्क डब्यातून काढून थेट साटाला (संगणकाच्या आतल्या डिस्कच्या जोडणीला) लावायचा मोह होईल, तो आवरा. काही एक्स्टर्नल डिस्कच्या यूएसबीच्या पट्टीवरच एन्क्रिप्शनची (डेटा सांकेतिक करून कुलूपबंद करायची) चिप असते. पासवर्ड तुम्ही कधी लावलेला नसला तरी सगळं एन्क्रिप्ट होऊनच लिहिलेलं असतं. डब्याबाहेर ती डिस्क नुसती कचरा दाखवते. काहींना तर साटाचं तोंडच नसतं, यूएसबी थेट बोर्डवर.

आणि रातकिडा, ते डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचं काय? अजूनही व्हिडिओ फिरतात.

रातकिडा

फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कच्या आत दव धरतं आणि हेड त्या ओल्या तबकडीवरून फिरतं. एवढं पुरे.

दुसरा तसाच उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावणं. फार जुन्या डिस्कवर हे चालायचं. हल्लीच्या बोर्डवरच्या रॉममध्ये त्या एका डिस्कपुरती जुळवाजुळव साठवलेली असते, ती चिप उखडून नव्या बोर्डवर बसवल्याशिवाय डिस्क ओळख देत नाही. सोल्डरिंगचा हात असलेल्यांचं काम आहे ते.

बिनकामाचा

वाचून दमलो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळं क्लाउडवर टाकावं ना. माझ्याकडे एकही एक्स्टर्नल डिस्क नाही आणि काही अडत नाही.

वळचण

बिनकामाचा, तुम्ही ज्याला क्लाउड म्हणताय ते सिंक आहे. इथे डिलीट केलं की तिथे डिलीट. इथे फाइल बिघडली की बिघडलेलीच फाइल तिथे. गूगल ड्राइव्हच्या किंवा वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्याच्या कचरापेटीत ती तीस दिवस राहते. आणि एखादं फोल्डर गायब झालंय हे आपल्या लक्षात येतं वर्षभराने, कुणाला तरी तो एक फोटो हवा असतो तेव्हा. शिवाय खातं बंद पडलं, पासवर्डाचा घोळ झाला, की दाद कुणाकडे मागायची?

बिनकामाचा

मान्य. पण मी एक विचारतो. ज्यांच्याकडे 'बॅकअप आहे' असं ते म्हणतात, त्यातल्या किती जणांचा तो याच महिन्यातला असतो? डिस्क घेतात, पहिल्या दिवशी हौसेने सगळं कॉपी करतात आणि मग ती कपाटात. माझं सिंक निदान आपोआप तरी होतं. आणि घराला आग लागली, चोरी झाली, तर लॅपटॉप आणि कपाटातली डिस्क एकदमच जाणार.

वळचण

दुसरा मुद्दा बिनतोड आहे, पण तो क्लाउडलाही लागू होतोच. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत गेली. काही ग्राहकांचे बॅकअप त्याच जागी होते, मूळ डेटासोबत तेही गेले.

म्हणूनच ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने हा हिशेब लोकप्रिय केला, आणि फोटोग्राफरकडून तो यावा यात नवल नाही. मी त्यात चौथी अट घालते: एक प्रत कशालाच जोडलेली नको. रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं की जोडलेल्या सगळ्या डिस्क, नेटवर्कवरचे फोल्डर, सगळं एन्क्रिप्ट करतं, आणि विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, तर बहुतेक वेळा आधीच उडवतं. चोवीस तास संगणकाला टोचून ठेवलेली बॅकअप डिस्क त्या दिवशी काहीच कामाची नसते.

माझं स्वतःचं असं: दोन एक्स्टर्नल डिस्क, एक घरी आणि एक बहिणीकडे, भेट झाली की अदलाबदल. शिवाय रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरने रोज रात्री क्लाउडवर, तेही इथूनच एन्क्रिप्ट होऊन. जुन्या आवृत्त्या राहतात, त्यामुळे बिघडलेली फाइल चांगलीवर चढून बसत नाही.

गोंधळी

मी दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरची डिस्कची पेटी) घेतलाय, रेड १, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच. मग मला हे सगळं लागणार नाही ना?

वळचण

लागणार. एक डिस्क मेली तरी काम न थांबावं, एवढ्यासाठीच रेड. चुकून डिलीट केलंत तर तो इमानदारीने दोन्हीकडून डिलीट करतो. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी साधनाचा एमआयआर (हुबेहूब नक्कल) पर्याय वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, मूळ फोल्डर रिकामं असताना तो चालला तर बॅकअपही रिकामं करून देतो.

शाईदौत

थोडं वेगळं. फोटोरेक या रिकव्हरी सॉफ्टवेअरने जुन्या पेन ड्राइव्हवरून वडिलांचं लिखाण परत मिळालंय. पण हजारो फाइली, नावं सगळी एफ आणि पुढे आकडे, फोल्डर नाहीत. आणि वर्डच्या फाइली उघडल्या तर आत नुसती रोमन अक्षरं, चिन्हं, अर्थहीन. म्हणजे डेटा खराब झाला का?

रातकिडा

नावांचं उत्तर सोपं आहे. फोटोरेक फाइल टेबलकडे बघतच नाही. ते डिस्कवरची बाइट्स ओळीने वाचत जातं आणि फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ ने होते, तशी प्रत्येक प्रकाराची एक खूण. नाव आणि फोल्डर हे टेबलात असतं, फाइलच्या पोटात नाही, म्हणून ते मिळत नाही. फोटोंच्या पोटात काढल्याची तारीख असते, तिच्यावरून त्यांना नवी नावं देणारी साधनं आहेत. पेन ड्राइव्हवर आधी टेस्टडिस्क चालवून बघा, ते फोटोरेक लिहिणाऱ्याच माणसाचं सॉफ्टवेअर आहे आणि टेबल वाचता आलं तर नावांसकट देतं.

वर्डचं मात्र बहुधा काही बिघडलेलं नाही. वडील श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टात टाइप करत असावेत, तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरं दिसतात. फाइल उघडा, एखादा परिच्छेद निवडा आणि फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतं ते सांगा.

शाईदौत

अगदी बरोबर! श्री-देव आणि पुढे आकडे आहेत. फॉन्ट टाकल्यावर पहिलं पान दिसलं. खूप आभार.

अनवट

ते सगळं आता युनिकोडमध्ये आणून ठेवा, कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास गडबड होते. आणि मूळ फाइली, फॉन्टची फाइल, सगळं शेजारी ठेवा. पेन ड्राइव्हवर नको. फ्लॅशमधला विजेचा भार वर्षानुवर्षं पडून राहिला की झिरपतो.

अवांतर: एक शंका. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, क्रिस्टलडिस्कइन्फो तीच दाखवतं) सगळं हिरवं असेल तर डिस्क चांगली समजायची का?

रातकिडा

लाल असेल तर विश्वास ठेवा, हिरवं असेल तर ठेवू नका. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या बाबतीत स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही हललेली नव्हती. उलट बाजूने, पहिली स्कॅन एरर (तपासणीत आढळलेली वाचायची चूक) दिसलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत मरायची शक्यता ३९ पट. टाचणी, हे तुमच्यासाठी.

वळचण

बॅकअपबद्दलही तेच, हिरव्या टिकेवर जाऊ नये. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवलं. लक्षात येऊन थांबवलं तोवर तीनशे जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप (डेटाबेसची प्रत) घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने गुपचूप फसत होता, ठेवायच्या जागी काहीच नव्हतं. फसल्याचे ईमेल जात होते, पण त्यांवर डिजिटल सही नव्हती म्हणून समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावर सगळं उभं केलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेला. त्यांनी हे सगळं जाहीर लिहून ठेवलंय, मोठेपणा आहे.

मी म्हणूनच अधूनमधून बॅकअपमधून दोन-चार फाइली दुसऱ्याच संगणकावर परत काढून बघते. दुसऱ्या संगणकावर, कारण स्वतःच्या संगणकावर पासवर्ड आपोआप भरला जातो आणि तो आपल्याला आठवतच नाही हे कळत नाही.

बिनकामाचा

हे पटलं. एक डिस्क घेतो. सिंक सोडणार नाही पण.

वळचण

सोडू नकाच, दोन्ही ठेवा.

गोंधळी

पासवर्डावरून आठवलं. लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता, बोर्ड बदलून आला आणि आता निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची) की मागतोय. मी बिटलॉकर कधी चालूच केलं नव्हतं!

रातकिडा

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बऱ्याचदा आपोआप चालू होतं. की ४८ आकड्यांची असते आणि त्याच खात्यात साठवलेली असते. फोनवरून खात्यात जा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की शोधा. पडद्यावर दिसणारा की-आयडी जुळतोय ना ते बघा. तिथे नसेल, कुठे छापून ठेवलेली नसेल, तर कुणीही काही करू शकत नाही. बाकीच्यांनी आजच बघून कागदावर उतरवून ठेवा.

गोंधळी

मिळाली!! जुन्या ईमेलच्या खात्यात होती.

टाचणी

नक्कल पूर्ण झाली. डीडीरेस्क्यू ९९.९९ टक्के म्हणतंय. टेस्टडिस्कने नकलेतलं पार्टिशन क्विक सर्चमध्येच दाखवलं, पी दाबल्यावर फोल्डरांची यादीही आली. आता कॉपी चालू आहे. उरलेल्या टक्क्यात काय गेलं ते कसं कळणार?

रातकिडा

मस्त. तीन प्रकारच्या फाइली आधी उघडून बघा: व्हिडिओ, झिप आणि मोठ्या डेटाबेसच्या फाइली. फोटोत एखादा सेक्टर गेला तर खालचा भाग करडा होतो आणि डोळ्यांना दिसतो. झिप मात्र तपासायला सांगितल्याशिवाय बोलत नाही. नेमकं हवं असेल तर मॅपफाइल आणि डीडीआरयुटिलिटी वापरून खराब सेक्टर कुठल्या फाइलींत पडलेत त्याची यादी निघते.

टाचणी

बघते. आणि जुनी डिस्क? भंगारात टाकण्याआधी फुल फॉरमॅट पुरे का?

रातकिडा

इतक्यात टाकू नका, कॉपी तपासून होईपर्यंत ती आणि नक्कल दोन्ही असू द्या. मग फुल फॉरमॅट, फिरत्या डिस्कला तेवढा पुरतो. पण तुमच्या डिस्कवर न वाचता येणारे सेक्टर आहेत, फॉरमॅट मधेच अडकला तर वरचे स्क्रू काढून तबकड्यांना आरपार भोकं पाडा. स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे असतात, टॉर्क्सचा टी८ बहुतेकांना बसतो. एखादा स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो, झाकण निघत नसेल तर तिथे बघा.